आंदोलनाचं रिटर्न तिकीट

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खिडकीजवळचं एक टेबल आहे. रोज दुपारी एक ते पावणेदोन या वेळात देशाचे सगळे प्रश्न तिथे सुटतात. ताक संपलं की आम्ही उठतो. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणाचं आंदोलन आझाद मैदानावर आलं आणि सीएसएमटीच्या प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या आंदोलकांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. त्या दिवशी तर दही यायच्या आतच निकाल लागला.

"यांना काही कामधंदा नाही का?"

"तिकीट तरी काढतात का?"

"आणि हे सगळं मुंबईतच कशाला? आपापल्या गावात करा की!"

हे तिसरं वाक्य आमच्या टीम लीडचं. साहेब मूळचे साताऱ्याचे. गणपतीला, दिवाळीला आणि मामेभावाच्या लग्नाला 'आमचं गाव' म्हणून जातात आणि येताना कंदी पेढे आणतात. पेढे उत्तम असतात, त्याबद्दल तक्रार नाही.

आधीच सांगतो, त्या आंदोलनाची मागणी बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. त्या पाच दिवसांत लोकांना त्रास झाला हेही मला मान्य आहे. माझं भांडण फक्त वरच्या तीन वाक्यांशी आहे, कारण ही वाक्यं त्या एकाच आंदोलनापुरती नसतात. शेतकरी आले, आशा सेविका आल्या, बेरोजगार शिक्षक आले, तरी टेबल तेच, ताक तेच आणि वाक्यंही तीच. जानेवारी २०२४ पर्यंत मीसुद्धा या टेबलाचा इमानदार सभासद होतो. मग मला स्वतःलाच आंदोलनाला जावं लागलं.

झालं असं की मी एक फ्लॅट घेतला. म्हणजे पैसे दिले. फ्लॅट अजून घ्यायचाय. बिल्डरचं नाव घेत नाही, कारण त्याचा वकील माझ्या वकिलापेक्षा महाग आहे. २०१८ ला मिळणार होतं ते घर २०२३ संपलं तरी सातव्या मजल्यावरच अडलेलं होतं, आणि माझा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. हातात वसुलीचा आदेश होता, वसुली नव्हती. शेवटी आमच्या २१२ लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "आता आझाद मैदान!" त्यावर ९४ अंगठे आले.

मग पोल घेतला. दिवस कुठला? प्रचंड बहुमताने शनिवार. (वर्किंग डेला कोणाला जमणार?) ग्रुपमधल्या एका रिटायर्ड बँकवाल्या काकांनी शांतपणे लिहिलं, "सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवारी मंत्रालयात शिपाईही भेटायचा नाही." ग्रुपवर बराच वेळ शांतता. आंदोलनासाठी रजा टाकावी लागते हा शोध आम्हा सुशिक्षित लोकांना त्या दिवशी लागला. मग बुधवार ठरला. 'नक्की येणार' म्हणणारे एकतीस उरले, बाकीच्यांनी 'मनाने तुमच्यासोबत' असं कळवलं.

एकतीसपैकी बहुतेक जण गाड्या काढून निघाले. मी डोंबिवलीहून लोकल धरली. तत्त्व वगैरे काही नव्हतं. साऊथ बॉम्बेत पार्किंग मिळत नाही एवढंच मला माहीत होतं.

कसाऱ्याहून येणारी गाडी होती. लेडीज डबा भरल्यामुळे दहाबारा बायका आमच्या जनरल डब्यात चढलेल्या होत्या. सगळ्यांकडे पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एकीकडे गुंडाळलेली चटई. आसनगावला बसलेल्या, शहापूर तालुक्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीपासून त्यांचा संप चालू होता आणि त्याही आझाद मैदानालाच निघालेल्या. माझ्या हातात 'आमचं घर कुठे आहे?' असं छापलेला फ्लेक्स होता. नव्याकोऱ्या प्लास्टिकमध्ये, घडी न मोडलेला. त्यांच्यातल्या एका मावशींनी तो बघितला आणि विचारलं, "पहिल्यांदाच का, दादा?"

माझ्या कपाळावरच लिहिलेलं असणार.

पुढच्या तासाभरात त्या बायकांनी मला आंदोलनाचं जे ट्रेनिंग दिलं, तसं कुठल्याही कंपनीच्या इंडक्शनमध्ये मिळालेलं नाही. टोपी आणली नाही? रुमाल बांधा, दुपारी मैदानात सावली नसते. पाणी घरूनच न्यायचं. बाथरूम कुठे आहे ते आल्याआल्या बघून ठेवायचं, मग घोषणा. पोलिसांनी नाव-नंबर विचारला तर नीट सांगायचा, वाद घालायचा नाही, त्यांनाही ड्युटी असते. निवेदनाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच घ्यायची. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजायचं. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: "रिटर्न तिकीट काढलंत ना? संध्याकाळी खिडकीला रांग असते. गाडी चुकली तर घरी कधी पोचायचं?"

मी सिंगल काढलं होतं. येताना कोणीतरी गाडीतून सोडेल असा हिशेब.

सुकी चटणी आणि तांदळाची भाकरी मलाही मिळाली. खाताखाता मी त्यांना पगार विचारला. शहरी माणूस, दुसरं काय विचारणार! पगार नाही, मानधन म्हणायचं, अशी दुरुस्ती झाली. सेविकेला दहा हजार, मदतनिसाला साडेपाच हजार. तेही २०२३ मध्ये वाढल्यानंतरचे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं होतं, त्याची अंमलबजावणी हीही त्यांची एक मागणी. म्हणजे कोर्टाचा निकाल हातात आणि पैसे गायब. माझ्या वसुलीच्या आदेशाची सख्खी बहीण. फरक एवढाच की माझ्या घराच्या हप्त्याएवढ्यात त्यांच्या चौघीजणी महिनाभर राबतात.

आता टेबलावरच्या पहिल्या दोन वाक्यांचं उत्तर देता येईल.

कामधंदा नाही का? आहे ना. म्हणून तर आल्यात. संपातल्या दिवसांचं मानधन मिळेल याची खात्री नाही, वर भाडं खिशातून. आम्ही एक कॅज्युअल लीव्ह टाकताना तीन वेळा विचार केला आणि एकशे एक्क्याऐंशी जणांनी तर ती टाकलीच नाही. रिकामटेकडं नक्की कोण?

तिकीट तरी काढतात का? माझ्यासमोर बसलेल्या बाईने गेल्या चार फेऱ्यांची तिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. का, तर 'उद्या कोणी म्हणायला नको'. फुकट येणारे असतात, नाही कशाला म्हणू. पण आपल्याकडे सभेची खरी फुकट सोय वेगळी असते. सकाळी गावात बस येते, वडापाव येतो, संध्याकाळी घरी सोडतात, आणि सभा कसली होती हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळतं. ज्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढलं त्याला कोणी आणलेलं नसतं. तो आलेला असतो. गर्दी मोजायचीच तर मी तिकिटं मोजीन.

आणि रिटर्न तिकीट तर फारच बोलकं कागदपत्र आहे. दंगल करायला निघालेला माणूस परतीचं तिकीट काढत नाही. रिटर्न तिकीट म्हणजे 'मला ऐकून घ्या, मी संध्याकाळी घरी जातो, उद्या सकाळी पोरांचा पोषण आहार आहे.' यापेक्षा सभ्य भाषेत सरकारशी कसं बोलायचं?

आम्ही दिवसभर ऑफिसात 'तिकिटं' क्लोज करतो. क्लायंटने बग टाकला की तिकीट उघडतं, चार तासांत उत्तर नाही गेलं तर मॅनेजरच्या मॅनेजरला मेल जातो. तोच क्लायंट रागावून थेट ऑफिसात आला तर आम्ही त्याला 'तुम्हाला कामधंदा नाही का' असं विचारतो का? कॉफी देतो. कारण तो वरपर्यंत आला याचा अर्थ खाली कोणीतरी झोपलं होतं, हे आम्हाला ठाऊक असतं. मैदानावर आलेला माणूस हा असाच वरपर्यंत आलेला क्लायंट आहे. त्याचं तिकीट तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे, जिल्हा परिषदेत पडून पडून शिळं झालेलं असतं.

यातच तिसऱ्या वाक्याचं उत्तर आहे. मुंबईतच कशाला? कारण सही करणारा माणूस मुंबईत बसतो! मंत्रालय साताऱ्याला हलवा, आंदोलक कंदी पेढे घेऊन तिथे येतील. हुतात्मा चौक चर्चगेटपासून चालत दहा मिनिटांवर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळीबार झाला. ती माणसं 'आपापल्या गावात' बसून राहिली असती तर मुंबईची राजधानी आणि आमच्या टीम लीडची इथली नोकरी या दोन्ही गोष्टींचं काय झालं असतं, सांगता येत नाही. आणि आंदोलनं काही आता मंत्रालयाच्या दारात होत नाहीत. एके काळी मोर्चे काळाघोड्यापर्यंत जायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोर्टाच्या आदेशानंतर ते आझाद मैदानात आणून बसवले गेले. आता मैदानातल्या घोषणा मंत्रालयात ऐकू येत नाहीत. त्या ऐकू येतात सीएसएमटीहून ऑफिसला जाणाऱ्या तुम्हाआम्हाला. आणि आपण कानात इअरफोन घातलेला असतो.

आंदोलन करायचा हक्क घटनेत आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे पोचायची सोय नसेल तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का? हा हक्क प्रत्यक्षात रेल्वेच्या टाइमटेबलात असतो. पटत नसेल तर दोन गोष्टी ऐका.

नोव्हेंबर २०१७. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दिल्लीच्या किसान मुक्ती संसदेसाठी अख्खी गाडी बुक केली होती. दीडेक हजार शेतकरी दिल्लीहून परत निघाले. मथुरेहून कोट्याच्या बाजूला वळायचं, मग पुढे कोल्हापूर. रात्री मंडळी झोपली आणि सकाळी उठून बघतात तर गाडी मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरजवळ बानमोर नावाच्या स्टेशनात! बातम्यांत आलं की गाडी चुकीच्या मार्गाने दीडेकशे किलोमीटर गेली. रेल्वेचं म्हणणं वेगळं होतं. म्हणजे चुकलं कोण? बहुधा बानमोर. ज्यांची निवेदनं वर्षानुवर्षं भलत्याच टेबलावर जातात, त्यांची गाडीही भलत्याच स्टेशनात गेली. मी हा विनोद कल्पनेतून लिहिला असता तर तुम्ही म्हणाला असता, जरा जास्तच होतंय.

दुसरी गोष्ट १ फेब्रुवारी २०२१ ची. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी आंदोलन चालू होतं. फिरोजपूरहून मुंबईला येणारी आपली पंजाब मेल त्या दिवशी रोहतकहून रेवाडीकडे वळवली गेली, दिल्लीला न जाताच. गाडीत हजारभर शेतकरी होते म्हणून वळवली, असा आंदोलनाच्या नेत्यांचा आरोप होता. रेल्वेने परिचालनाचं कारण दिलं. कोण खरं, हे मी डोंबिवलीत बसून ठरवत नाही. पण ज्या देशात एक सांधा बदलला की सभा रिकामी होऊ शकते, तिथे आंदोलकांनी रेल्वेवर इतका जीव टाकणं साहजिक आहे. गांधीजींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य'मध्ये रेल्वेला यथेच्छ झोडपलं होतं. रोगराई पसरते, दुष्काळ वाढतात, काय काय लिहिलं होतं. पुढे त्याच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून ते देशभर फिरले. १९१७ ला चंपारणला गेले तेही गाडीनेच. तत्त्व आपल्या जागी, चळवळ आपल्या जागी.

आता तुम्ही म्हणाल, रेल रोकोचं काय? बरोबर आहे, तिथे मीही अडखळतो. २० मार्च २०१८ ला रेल्वेच्या अप्रेंटिस मुलांनी माटुंगा-दादरच्या मधे रूळ अडवले. नोकरभरतीतली वीस टक्क्यांची मर्यादा काढा ही मागणी होती. ऐन गर्दीच्या वेळी तीन-साडेतीन तास मध्य रेल्वे बंद. मी कुर्ल्याच्या अलीकडे लटकलेला होतो आणि माझ्या तोंडून त्या मुलांसाठी जे शब्द निघाले ते इथे टाइप करत नाही. माझं मत आजही तेच आहे: ज्या गाडीने तुम्ही आंदोलनाला येणार तीच अडवायची, म्हणजे बसलेली फांदी तोडायची. आणि त्या गाडीत मंत्री नसतो. हॉस्पिटलला निघालेली बाई असते, रोजंदारीवाला असतो, ज्याचा तासाचा पगार कापला जातो.

पण मग बरोबर आठ दिवस आधीचं आठवा. नाशिकहून ६ मार्चला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च, साधारण १८० किलोमीटर चालून ११ तारखेला मुंबईत आला. सकाळी दहावीची परीक्षा होती. पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून ती हजारो माणसं, पायांना फोड आलेली, रात्रीतच सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत चालत गेली. त्या दिवशी आमचं टेबलसुद्धा गहिवरलं होतं. सरकारने लेखी आश्वासन दिलं आणि मध्य रेल्वेने त्यांना परत न्यायला भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. येताना पायी, जाताना रेल्वेने. सगळे खूश, आपण तर जास्तच.

पुढे काय झालं ते टेबलावर कोणी विचारलं नाही. आश्वासनं पाळली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ ला तीच माणसं पुन्हा निघाली. मार्च २०२३ ला आणखी एकदा, वाशिंदपर्यंत आली. शहाण्यासारखं वागणाऱ्याला आपण टाळ्या देतो, आणि विसरतो. रूळ अडवणाऱ्यांना शिव्या देतो, पण त्यांच्याशी बोलायला साहेब त्याच सकाळी हजर असतात. मग पुढच्याने काय शिकायचं? २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक इतके भडकले की दिवसभर गाड्या अडवून बसले. तक्रार वेळेवर ऐकली गेली नाही हाच त्यांचा संताप होता. आणि नंतर सरकारकडून काय ऐकू आलं? आंदोलक बाहेरून आलेले होते! समजा आलेले असले, तर? रेल्वे स्टेशनावर लोक बाहेरूनच येतात, त्यासाठीच ते बांधतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रूळ अडवणाऱ्याचा राग येत असेल, तर तिकीट काढून येणाऱ्याचं ऐकायला शिका. डब्यात चटई घेऊन बसलेल्या बाईकडे 'गर्दी वाढवली' म्हणून बघितलंत, की एक दिवस तिचा मुलगा रुळावर बसणार, आणि तेव्हा कुर्ल्याच्या अलीकडे तुम्ही लटकलेले असाल.

आमच्या आंदोलनाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. गाड्या काढून निघालेल्यांपैकी सहा जण फ्रीवेवरून उतरून पार्किंग शोधत बसले, दोघे कंटाळून परत गेले, एक जण तासाभराने क्रॉफर्ड मार्केटहून मुलांसाठी ड्रायफ्रूट घेऊन आला. मैदानात आम्ही चौदा. शेजारी अंगणवाडीच्या हजारो बायका. आमच्या घोषणेला आवाजच नव्हता. माझ्या डब्यातल्या त्या मावशी दोघीतिघींना घेऊन आल्या, आमचा फ्लेक्स एका बाजूने धरला आणि "घर आमच्या हक्काचं" वर दणदणीत "नाही कुणाच्या बापाचं" दिलं. ज्यांचं मानधन माझ्या मेंटेनन्सएवढं, त्यांनी माझ्या अकराव्या मजल्यासाठी घसा बसवला. उलट त्यांच्यासाठी आम्ही काय केलं? मी भाकरी खाल्ली होती.

निवेदन दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. घर अजून मिळालेलं नाही, पण बांधकाम नवव्या मजल्यापर्यंत आलंय आणि ती पोच वकिलाला दोनदा उपयोगी पडली. त्यानंतर आणखी तीनदा गेलो, सगळे लोकलने. शेवटच्या वेळी आम्ही अठ्ठेचाळीस होतो.

गेल्या आठवड्यात टेबलावर टीम लीडने हळूच विषय काढला. त्याचाही फ्लॅट दोन वर्षं रखडलाय, दुसऱ्या बिल्डरचा. "पुढच्या वेळी जाशील तेव्हा सांग, मी पण येतो," म्हणाला. "माझी गाडी काढू. आरामात जाऊ."

मी म्हटलं, गाडी राहू दे. सुकी चटणी आण, आणि रिटर्न तिकीट काढ.